व्हिसाच्या फॉर्मवर नाव चुकू नये म्हणून

फॉर्मवर नाव-आडनावाची अदलाबदल झाली की काउंटरवरून परत फिरावं लागतं. म्हणून आठवणीतून भरूच नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणाच्या टोकांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात, त्या समोर ठेवा.

१. वरची ओळ: देशाच्या तीन अक्षरांनंतर आधी आडनाव, मग लागोपाठ दोन खुणा, मग नाव.
२. खालची ओळ: पहिली ९ घरं पासपोर्ट नंबरची. नंबर लहान असेल तर उरलेल्या घरात खूण. १०वा आकडा पडताळणीचा, तो उतरवायचा नाही (घाईत हमखास उतरवला जातो).

नाव लांबलचक असेल तर पहिल्या ओळीत ते कापलेलं असू शकतं. तेव्हा या दोन ओळींच्या वर, पानावर छापलेलं नावच खरं धरा.