कॅमेरा कपाटात नको, पिशवीत हवा

किनाऱ्यावर बघण्यासारखं काही घडतं ते सांगूनसवरून घडत नाही. अख्खी वाडी रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढत असते, भर बाजारात म्हैस एसटीला आडवी उभी राहते, आणि आपला कॅमेरा खाऱ्या हवेच्या भीतीने घरात. त्यावर हा स्वस्तातला उपाय:

१. छोटा कॅमेरा जाड, झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या बुटांच्या खोक्यातल्या चालतात. ही पिशवी रोजच्या पिशवीत सगळ्यात वर. (मासळी वेगळी न्यावी, हे सांगायला नको.)

२. मोड 'पी' (उजेडाचं गणित कॅमेराच जमवतो), आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ऑटोवर, असं ठेवूनच कॅमेरा बंद करा. बटन दाबलं की फोटो. म्हैस थांबेल, रापणकर थांबणार नाहीत.

३. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढलात तर लेन्सवर बाष्प धरतं आणि सगळं धुरकट येतं. म्हणून पोचायच्या १५-२० मिनिटं आधी एसी बंद, काचा खाली. तोवर झिप उघडू नका.

४. घरी आल्यावर आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) वाळू उडवा, मगच पुसा. बॉडीला किंचित ओलसर कापड, लेन्सला तिचं वेगळं कोरडं. वाळूसकट घासलंत तर काचेवर ओरखडे ठरलेले.

एक मात्र सांभाळा: कोकणात वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली तर फ्लॅश अजिबात नको. उजेडाने ती वाट चुकतात.