नवऱ्याची किंवा बायकोची दिव्यांग पेन्शन नाकारली? अपील करताना या चुका टाळा

तहसीलमधून अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, "जाऊंदे, नशिबात नाय." तसं जाऊ देऊ नका, प्लीज. माझे मिस्टर माडावरून पडले तेव्हापासून त्यांचा उजवा हात कामाचा राहिला नाही, त्यांच्या कागदांसाठी मी फिरलेय आणि आता वाडीतल्या, शेजारच्या गावातल्या बायका पण त्यांचे कागद घेऊन येतात. बघून बघून एक गोष्ट कळलीय की बऱ्याचदा माणूस पात्र असतो, फक्त अपील भलत्याच दारात जातं.

नकार नक्की कुणी दिला ते न बघता धावाधाव

इथे दोन वेगवेगळे निर्णय असतात आणि लोक ते एकच समजतात. पहिला निर्णय डॉक्टरांचा, म्हणजे सर्टिफिकेटवर टक्के किती. दुसरा तहसीलचा, म्हणजे पेन्शन द्यायची की नाही. ही पेन्शन ज्यातून मिळते त्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग व्यक्तीचं वय 18 ते 65, दिव्यांगत्व किमान 40 टक्के, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत आणि महाराष्ट्रात 15 वर्षं रहिवास असं लागतं. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिन्याला 2,500 रुपये झालेत, आधी 1,500 होते, म्हणजे सोडून द्यायची रक्कम नाहीच ही.

आता समजा सर्टिफिकेटवर 38 टक्के लिहिलेत आणि त्यामुळे अर्ज उडाला, तर तहसीलदारांकडे कितीही रडलात तरी ते दोन टक्के वाढवू शकत नाहीत, तो अधिकारच त्यांचा नाही. त्यासाठी दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 59 आहे, टक्केवारी मान्य नसेल तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. आणि टक्के बरोबर असून उत्पन्नामुळे नाकारलं असेल तर हॉस्पिटलच्या रांगेत दिवस घालवण्यात काहीच अर्थ नाही.

म्हणून आधी कारण लेखी घ्या. टेबलवरचा माणूस नुसतं "तुमचं बसत नाही" म्हणाला तर तो नकार नव्हे. साधा अर्ज द्या, त्यात दोनच प्रश्न: कोणत्या कारणाने नाकारलं, आणि याविरुद्ध अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचं. हॉस्पिटलने सर्टिफिकेटच नाकारलं असेल तर ते कारण लेखी कळवायला नियमात वेगळा नमुना आहे, फॉर्म 8, तो मागायचा. आणि प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायचीच, नाहीतर अर्ज दिला होता हे उद्या सिद्ध कसं करणार.

टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर "जमता माका सगळां" (मला सगळं जमतं)

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते मनाला, कारण ती अभिमानातून होते. तपासणीच्या दिवशी सकाळी बायको उठून नवऱ्याची दाढी करते, इस्त्रीचा शर्ट घालते, बटणं लावते, केस विंचरते, गाडीतून धरून उतरवते, आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं की हा माणूस म्हणतो "जमता माका सगळां". आमचे हे पण असेच. आयुष्यभर माडावर चढलेला माणूस चारचौघांत जमत नाही असं सांगणारच नाही ना.

पण टक्के नुसते एक्सरेवरून ठरत नाहीत. हाताच्या दिव्यांगत्वात सांध्याची हालचाल किती होते, स्नायूंची ताकद किती आणि रोजच्या हालचाली जमतात का, या तिन्ही गोष्टी मोजतात. रोजच्या हालचालींची तर यादीच आहे सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये: डोक्यावरची वस्तू काढून परत ठेवणं, बोट नाकाला लावणं, हाताने जेवणं, केस विंचरणं, शर्ट घालणं, बटण लावणं, नाडी बांधणं, पाण्याचा ग्लास उचलणं, शौचानंतर धुणं, लिहिणं. पायासाठी वेगळी, त्यात चढावर चालणं, जिना चढणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं. म्हणजे ज्या गोष्टी घरी तुम्ही गुपचूप करून देता त्याच तिथे मोजल्या जातात, आणि तुम्ही करून देता म्हणून त्या कुणाला दिसतच नाहीत.

तर जायच्या आधी घरी बसून कागदावर लिहा, कोणतं काम स्वतः होतं, कोणतं अर्धवट होतं आणि कोणतं तुम्ही करता. आमच्या ह्यांना पेजेचं ताट डाव्या हाताने धरता येतं पण उजव्या हाताने चमचा तोंडापर्यंत जात नाही, मधेच सांडतो, हे असं स्पष्ट लिहा, "हाताला त्रास आहे" असं मोघम नको. वाढवून एक अक्षर लिहू नका, पण लपवूही नका. नवरा आत लाजला तर तुम्ही बोला, डॉक्टरांना सांगा की घरी मी करते हे.

उपचाराचे कागद पण सगळे न्या. आपल्या सिंधुदुर्गातली कितीतरी माणसं गोव्यात बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला उपचार घेतात आणि ओरोसला जिल्हा रुग्णालयात तपासणीला जाताना फक्त शेवटची चिठ्ठी घेऊन जातात. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोट्स, फिजिओथेरपीचे कागद, नसांच्या तपासणीचा रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावा. एक्सरेच्या फिल्मचा खिडकीच्या उजेडात धरून मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल येते तशी फिल्मला पण येते.

आणि एक फरक लक्षात घ्या. तपासणीच्या दिवशीच टक्के कमी मोजले असं वाटत असेल तर अपील, पण त्यानंतर हात अजून बिघडला असेल तर ते अपीलचं प्रकरण नाही, नव्याने तपासणीसाठी अर्ज करायचा. जुनं हाताने लिहिलेलं सर्टिफिकेट असेल तर तेही बदलून घ्या, 1 जून 2021 पासून सर्टिफिकेट यूडीआयडी, म्हणजे सरकारच्या दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवरूनच द्यायचं ठरलंय.

सातबारा बघून उत्पन्नाचा दाखला जास्तीचा

कोकणातलं खास दुखणं हे. सातबारा सामाईक, त्यावर आजोबांपासूनची वीसपंचवीस नावं, निम्मी मुंबईत, आणि कलमांची बाग बघून दाखल्यावर आकडा चढतो. प्रत्यक्षात तुमच्या वाटणीला चार कलमं आणि थोडे काजू. मग 50,000 च्या वर गेलं की अर्ज संपला. अशावेळी तहसीलमध्ये गरिबीची गोष्ट सांगू नका, आकडा दुरुस्त करून घ्या. सातबारा आणि आठ अ जोडा, किती सहहिस्सेदार आहेत आणि आपला हिस्सा किती ते लिहून द्या, बाग कराराने दिली असेल तर त्याचा कागद, आणि तलाठ्यांकडे, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, स्थळ पाहणी करून जबाब घ्यायची लेखी विनंती करा. रेशनकार्ड वेगळं असेल तर तेही लावा. दाखला वेळेत दिलाच नाही किंवा नाकारला तर लोकसेवा हक्क कायदा 2015 खाली पहिलं अपील 30 दिवसांत करता येतं.

दिवस मोजायचे राहून जातात हे फार होतं आपल्याकडे. गणपती झाले की बघू, मग भातकापणी, मग जत्रा, आणि मधे कुणातरी कार्यकर्त्याला "सांगून ठेवलंय" एवढ्यावर माणूस बसून राहतो. सांगून ठेवा हवं तर, पण कागद आधी टाका.

जोडीदाराच्या नावाने नाही, स्वतःच्या नावाने माहिती मागणं

बोर्डाने टक्के कसे मोजले ते बघायला किंवा पेन्शनचे अर्ज मंजूर-नामंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मिळवायला माहिती अधिकारात अर्ज करतात, चांगलंच आहे, फी 10 रुपये आणि दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही. पण बायको स्वतःच्या नावाने नवऱ्याचे मेडिकल कागद मागते आणि ते वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. अर्ज ज्याचे कागद त्याच्याच नावाने करा. सही जमत नसेल तर अंगठा आणि शेजारी साक्षीदाराची सही. नवऱ्याची सही स्वतः मारू नका, घरातलीच गोष्ट वाटते पण अपिलात सही जुळली नाही तर खरं प्रकरण खोटं दिसायला लागतं. तुम्ही फक्त ये-जा करणार असाल तर त्यांचं अधिकारपत्र जवळ ठेवा.

एजंटबद्दल एवढंच, पैसे घेऊन 40 टक्के करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. दिव्यांगांचा लाभ फसवून घेतला तर कलम 91 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि त्यात अडकणार तुमचा माणूस.

पेन्शन चालू होती आणि अचानक बंद झाली तर अपील लिहायच्या आधी बँकेत जा. पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, दुसऱ्या बँकेत नंतर आधार जोडलं असेल तर पैसे तिकडे पडत असतात आणि इथे बाई रडत बसते. हयातीचा दाखला दिलाय का तेही बघा.

आणि वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. महिला आणि दिव्यांग व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यात उत्पन्नाची अट नाही. रत्नागिरी, ओरोस, अलिबागला जिल्हा न्यायालयात त्यांचं ऑफिस आहे, फोन 15100. जाताना नकाराचं लेखी पत्र, सर्टिफिकेट आणि तो घरच्या कामांचा कागद एवढं आधी फाईलमध्ये वर ठेवा, वकील पहिल्यांदा तेच मागतात.