इंग्लंडमध्ये पब्लिक लॉ सॉलिसिटर व्हायचंय? परीक्षेइतकंच मुदतीकडे लक्ष द्या

काउन्सिल (तिथली स्थानिक स्वराज्य संस्था), गृह खातं, पोलीस, तुरुंग प्रशासन यांच्या बेकायदा निर्णयाविरुद्ध माणसाच्या बाजूने उभं राहणं, हे इंग्लंड-वेल्समधल्या पब्लिक लॉ आणि मानवी हक्कांच्या सॉलिसिटरचं काम. कोर्टात उभा राहून युक्तिवाद बहुधा बॅरिस्टर करतो. पक्षकार भेटतो, कागद गोळा होतात, समोरच्या खात्याला पत्र जातं, लीगल एड (सरकारी पैशातून मिळणारी कायदेशीर मदत) मिळवली जाते आणि दावा दाखल होतो तो सॉलिसिटरच्या टेबलावरून. बहुतेक प्रकरणांचा निकाल याच टेबलावर लागतो, आणि तो लागतो पत्र आणि तारीख या दोन गोष्टींवर. करिअरची आखणी करताना हे लक्षात ठेवलं, की कुठे काम शोधायचं आणि काय शिकायचं हे ठरवणं सोपं जातं.

मुंबईत बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देऊनही सॉलिसिटर होता येतं, पण तेवढ्याने इंग्लंडच्या रोलवर (सॉलिसिटरांच्या अधिकृत यादीत) आपोआप नाव लागत नाही. तिथला रस्ता सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी ठरवते. 1 सप्टेंबर 2021 पासून हा रस्ता म्हणजे एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) परीक्षा. पदवी (भारतातली समकक्ष पदवी चालते), एसक्यूईचे दोन्ही टप्पे, दोन वर्षांचा पात्र कामाचा अनुभव आणि चारित्र्याची तपासणी, एवढं लागतं. सनद घेतलेल्या वकिलाला तो दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागत नाही, आणि दुसऱ्या टप्प्यातून सूट मागता येते. सूट मागायची असेल तर परीक्षेचं नाव नोंदवण्याआधी अर्ज करा.

पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी 180 प्रश्न, पाच पर्यायांतून सर्वांत योग्य एक निवडायचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. घटनात्मक आणि प्रशासकीय कायदा पहिल्या पेपरात येतो. दुसऱ्या टप्प्यात 12 लेखी आणि 4 तोंडी कामं असतात: पक्षकाराची मुलाखत, युक्तिवाद, मसुदा, संशोधन वगैरे. तोंडी भागासाठी तिथे जावंच लागतं. दोन्ही टप्प्यांची फी मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास जाते, क्लासचा खर्च वेगळा. सहा वर्षांत प्रत्येक टप्प्यासाठी तीनच संधी मिळतात, तेव्हा 'एकदा देऊन तर बघू' हा विचार इथे महागात पडतो.

या परीक्षेची एक उणीव मात्र ओळखून असा. दुसऱ्या टप्प्याचे विषय म्हणजे फौजदारी, दिवाणी दावे, मालमत्ता, मृत्युपत्रं आणि व्यवसाय कायदा. पब्लिक लॉ त्यात स्वतंत्र विषय म्हणून नाहीच. पास होऊनही तुम्हाला ज्युडिशियल रिव्ह्यूचं (सरकारी निर्णय कायदेशीर आहे का, हे कोर्टाकडून तपासून घेण्याच्या दाव्याचं) पहिलं पत्र लिहिता येईल याची खात्री नाही. ते शिकायचं ते अनुभवाच्या दोन वर्षांत.

हा अनुभव जास्तीत जास्त चार संस्थांत मिळून पुरा करता येतो. पॅरालीगलची (सॉलिसिटरच्या मदतनिसाची) नोकरी, लॉ सेंटर (मोफत कायदा सल्ला देणारी स्थानिक संस्था), विद्यापीठातलं कायदा सल्ला केंद्र, अगदी स्वयंसेवी कामही चालतं. अट एवढीच, की इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरने किंवा संस्थेच्या नियमपालन अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायला हवा. संस्था सोडताना लगेच सही घ्या, वर्षभराने तो सॉलिसिटर कुठे असेल सांगता येत नाही. निवडीची वेळ आली तर मोठ्या फर्मच्या नावापेक्षा लॉ सेंटर किंवा लीगल एडवर चालणारी छोटी फर्म आम्ही सुचवू. तिथे पहिल्या महिन्यातच पक्षकारासमोर बसावं लागतं.

पत्र कसं लिहायचं

ज्युडिशियल रिव्ह्यूचा दावा 'तत्परतेने, आणि कोणत्याही परिस्थितीत तीन महिन्यांत' दाखल करायचा असतो. नगररचनेच्या प्रकरणांत सहा आठवडे, सरकारी खरेदीच्या प्रकरणांत 30 दिवस. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 226 खालच्या रिटला ठरलेली मुदत नाही, उशिराचं कारण पटलं तर हायकोर्ट ऐकून घेतं. ती सवय घेऊन जाणाऱ्याचा तिथे घात होतो. दोन्ही पक्षांनी आपसांत ठरवून मुदत वाढवता येत नाही. खात्याकडे तक्रार केली म्हणून घड्याळ थांबत नाही, आणि दाव्याआधीचं पत्र पाठवलं म्हणूनही थांबत नाही.

समजा, एका अपंग माणसाने काउन्सिलकडे काळजीच्या गरजांचं मूल्यमापन मागितलं आणि 10 मार्चला नकार आला. 9 जून ही शेवटची तारीख धरून उलटं मोजा. पत्राला उत्तर द्यायला काउन्सिलला सहसा 14 दिवस द्यायचे, लीगल एडला वेळ लागतो, बॅरिस्टरला मुद्दे लिहायला आठवडा हवा. म्हणजे पत्र एप्रिलच्या सुरुवातीलाच जायला हवं. मे उजाडला तर सगळं धावपळीत होतं, आणि 'तत्परतेने' या शब्दावर समोरचा बोट ठेवतो ते वेगळंच.

पत्रात पक्षकार कोण, कोणता निर्णय, कोणत्या तारखेचा, घटनाक्रम, कायद्याचे मुद्दे, नेमकं काय हवं, कोणते कागद हवेत, कोणाचे हितसंबंध गुंतलेत आणि उत्तर कधीपर्यंत, हे सगळं हवं. नवशिके लिहितात: 'काउन्सिलने आमच्या पक्षकाराच्या मानवी हक्कांची घोर पायमल्ली केली आहे.' काउन्सिलचा वकील यावर काहीच करत नाही, कारण करण्यासारखं त्यात काही सांगितलेलंच नाही. त्याऐवजी लिहा: '3 फेब्रुवारीला ईमेलने मूल्यमापन मागितलं. 10 मार्चला तुम्ही निधी नसल्याचं कारण देऊन नकार दिला. केअर ॲक्ट 2014 च्या कलम 9 नुसार गरज असावी असं दिसलं, तर मूल्यमापन करणं बंधनकारक आहे. निधी हा त्यात निकष नाही. 14 दिवसांत मूल्यमापनाची तारीख कळवा, तोवर कलम 19(3) खाली तातडीची मदत सुरू करा.' अशा पत्रावर कित्येकदा दावा न करताच काम होतं. पक्षकाराला खटला नको असतो, सकाळी अंथरुणातून उठवायला माणूस हवा असतो.

मुंबई हायकोर्टात सिनॉप्सिस आणि लिस्ट ऑफ डेट्स बनवलेल्यांना घटनाक्रमाची सवय असते, ती इथे सोन्यासारखी उपयोगी पडते. फक्त प्रत्येक ओळीसमोर कागदाचा पान क्रमांक हवा.

ह्यूमन राइट्स ॲक्ट 1998 चा मुद्दा असेल, तर कलम 7 खालची वेगळी एक वर्षाची मुदत डायरीत लिहा. पण तोच मुद्दा ज्युडिशियल रिव्ह्यूमधून मांडायचा तर तीन महिन्यांचीच मुदत लागू. देशातले उपाय संपल्यावर स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टात जायला 1 फेब्रुवारी 2022 पासून सहाऐवजी चारच महिने मिळतात.

दावा दाखल झाला की सात दिवसांत तो समोरच्यावर बजवायचा. त्यांना उत्तराला बजावल्यापासून 21 दिवस. मग न्यायाधीश दावा पुढे चालवायची परवानगी कागदांवरूनच देतात किंवा नाकारतात. नाकारली तर तोंडी सुनावणी मागायला सातच दिवस. ही नोटीस शुक्रवारी संध्याकाळी आलेली आणि सोमवारी कोणी उघडलेली नाही, असं फर्ममध्ये होऊ देऊ नका. ईमेलवर दोन माणसांची नजर हवी.

पैशाचं गणित

लीगल एडसाठी पक्षकाराचं महिन्याचं एकूण उत्पन्न 2,657 पौंडांच्या आत, खर्च वजा जाता 733 च्या आत आणि बचत 8,000 च्या आत लागते. पहिल्याच भेटीत बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, सरकारी भत्त्यांची पत्रं मागून घ्या. अर्ज अडतात ते बहुतेकदा कागद अपुरे म्हणून. लीगल एड असेल तर हरल्यावर समोरच्याचा खर्च पक्षकाराच्या अंगावर सहसा येत नाही; नसेल तर येऊ शकतो, आणि हे त्याला लेखी सांगायलाच हवं. फर्मचाही धोका असतो: परवानगी नाकारली गेली, तर दावा दाखल केल्यानंतरच्या त्या टप्प्याच्या कामाचे पैसे लीगल एड एजन्सी साधारणपणे देत नाही. म्हणून कमकुवत दावा नाकारायला शिकणं हाही या धंद्यातला धडा आहे. ज्याला आशा दाखवून तीन महिने घालवले, त्याचं नुकसान नकार मिळालेल्यापेक्षा मोठं असतं.

भारतातून जाणाऱ्यांची खरी अडचण व्हिसाची. 22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर (नोकरीवर मिळणाऱ्या) व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार 41,700 पौंड आहे, नवख्यांना त्यात सवलत मिळते. लीगल एडच्या क्षेत्रातले सुरुवातीचे पगार त्याच्या खाली असणं नेहमीचं आहे. तिथे मास्टर्स करून ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर काम करू देणाऱ्या) दोन वर्षांत अनुभव पुरा करायचा बेत बरेच जण आखतात, पण 1 जानेवारी 2027 पासून केलेल्या अर्जांना पीएचडी नसेल तर 18 महिनेच मिळतील. मग दोन वर्षांचा हिशेब बसत नाही. सनद असेल किंवा थोडा अनुभव शिकतानाच सल्ला केंद्रात, नाहीतर भारतात इंग्लंडच्या सॉलिसिटरच्या हाताखाली झालेला असेल, तरच बसतो. फर्मला अर्ज पाठवण्याआधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरची परवानाधारक प्रायोजकांची (परदेशी माणसाला व्हिसावर नोकरी देऊ शकणाऱ्यांची) यादी उघडा आणि तिचं नाव शोधा. नाव नसेल तर व्हिसाचं काय, हे पहिल्या मुलाखतीतच विचारा.