क्लॅम्प सोडताना लिव्हर कसं वाचवायचं

ऑपरेशनमध्ये क्लॅम्प (रक्तवाहिनी दाबून धरणारा चिमटा) लावून लिव्हरचं रक्त बंद केलं की पेशींचे हाल होतात हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण बराचसा मार रक्त परत सोडल्यावर बसतो आणि नवीन रेसिडेंटचं लक्ष तिथेच कमी पडतं. होतं काय, रक्त बंद असताना पेशींचं इंधन म्हणजे एटीपी संपतं, ते तुटून उरणारं हायपोझॅन्थीन साचतं, मग ऑक्सिजन एकदम आला की फ्री रॅडिकल्सचा (पेशींना इजा करणाऱ्या रेणूंचा) लोंढा सुटतो, कुफर पेशी (लिव्हरमधल्या संरक्षक पेशी) चवताळतात आणि काही तासांनी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येऊन उरलंसुरलं बिघडवतात. म्हणून जी काय तयारी करायची ती क्लॅम्प लावायच्या आधीच.

आधी लिव्हर कसलं आहे ते बघा. फॅटी, सिरॉसिसवालं किंवा बरीच केमो झालेलं लिव्हर फार कमी वेळ सहन करतं, त्याला निरोगी लिव्हरचा हिशोब लावू नका. आणि क्लॅम्पशिवाय भागत असेल तर लावूच नका, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरांमधला दाब) 5 च्या खाली ठेवला तर लिव्हर कापताना रक्त तसंही कमी जातं.

लावायचाच असेल तर प्रिंगल, 1908 पासून चालत आलेली युक्ती, लिव्हरला रक्त आणणाऱ्या दोन वाहिन्या, पोर्टल व्हेन आणि हिपॅटिक आर्टरी, एकत्र दाबायच्या. पण सलग नाही, 15 मिनिटं बंद, 5 मिनिटं चालू. घड्याळ एकाच माणसाकडे द्या आणि त्याने वेळ मोठ्याने सांगायची, कारण कापता कापता "अजून दोनच मिनिटं" असं प्रत्येकाला वाटतं आणि तिथेच घोळ होतो. सोडल्यावर कापलेल्या भागावर पॅक दाबून धरा, ती 5 मिनिटं वाया जात नाहीत, पेशी तेवढ्यात सावरतात. दुसरी पद्धत म्हणजे सुरुवातीलाच 10 मिनिटं बंद, 10 मिनिटं चालू करून लिव्हरला तयार करायचं आणि मग सलग क्लॅम्प, पण वयस्कर पेशंटमध्ये तिचा फायदा तेवढा दिसत नाही, मी तरी पहिलीच पद्धत सुचवेन.

ट्रान्सप्लांटमध्ये गोष्ट आणखी नाजूक. डोनरकडून काढून 4 डिग्रीला थंड सोल्युशनमध्ये ठेवलेल्या लिव्हरमध्ये झीज मंदावते, थांबत नाही, त्यामुळे फॅटी किंवा हृदय थांबल्यावर मिळालेलं लिव्हर असेल तर एकेक तास महत्त्वाचा. त्या सोल्युशनमध्ये पोटॅशियम भरपूर असू शकतं, म्हणून रक्त सोडायच्या आधी लिव्हर नीट फ्लश करा आणि अॅनेस्थेशियावाल्यांना आधीच सांगा, त्यांनी कॅल्शियम आणि व्हॅसोप्रेसर (बीपी वाढवणारं औषध) हाताशी ठेवायला हवं. पहिल्या 5 मिनिटांत बीपी 30 टक्के किंवा जास्त पडून मिनिटभर तरी तसंच राहिलं तर ते रिपरफ्यूजन (रक्त परत सोडणं) सिंड्रोम. मशीनवर थंड ऑक्सिजनवालं परफ्यूजन (लिव्हरमधून द्रव फिरवत ठेवणं) मिळत असेल तर नक्की घ्या, हृदय थांबलेल्या डोनरच्या लिव्हरवर 2021 मध्ये छापून आलेल्या ट्रायलमध्ये पित्तनळ्या आकसण्याचं प्रमाण 18 वरून 6 टक्क्यांवर आलं.

औषधांचं म्हणाल तर एन-अॅसिटिलसिस्टीन वगैरे उंदरांमध्ये छान चालतं, माणसांमध्ये निकाल उलटसुलट आहेत. घड्याळाची चूक औषध भरून काढत नाही.

नंतर एएसटी, एएलटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) पहिल्या एक-दोन दिवसांत चढून उतरायला हवेत. पण नुसत्या त्यांच्यावर जाऊ नका, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), लॅक्टेट, बिलिरुबिन सुधारतंय का, म्हणजे लिव्हर काम करतंय का ते बघा, आणि उतरलेले एन्झाइम परत चढले तर वाट न बघता डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून हिपॅटिक आर्टरी चालू आहे का ते तपासा.