‘गुण आला’ म्हणण्यापूर्वी: उपचारामागचा पुरावा कसा तपासावा

पावसाळा सरत आला की कोल्हापुरात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि रात्री उशिरापर्यंत रक्तपेढ्यांच्या दारात नातेवाइकांची ये-जा सुरू राहते. माझे औषधांचे दुकान गंगावेशीत आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या घरातला एक तरुण मुलगा डेंग्यूमुळे दवाखान्यात दाखल होता. रिपोर्टमध्ये प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, १८,००० वर आल्याचे दिसताच त्याच्या वडिलांच्या हातात चार पिशव्यांची चिठ्ठी पडली आणि ते रात्री साडेअकरापर्यंत फिरत राहिले. मुलाला कोठूनही रक्तस्राव नव्हता, रक्तदाब ठीक होता, तो उठून बसून पेज पीत होता. पिशव्या चढल्या, दोन दिवसांत आकडा ६०,००० च्या पुढे गेला आणि प्लेटलेटमुळेच पोरगा वाचला, असे घरातले सगळे म्हणाले. मलाही तेव्हा तसेच वाटले होते.

उपचाराचा पुरावा तपासायला शिकायचे असेल, तर सुरुवात याच वाक्यापासून करावी. गुण आला हे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते आणि ते खरेच असते. परंतु तो अमुक गोष्टीमुळेच आला, हा आपण काढलेला निष्कर्ष असतो. म्हणून सर्वांत आधी स्वतःला विचारावे, की हा उपचार दिलाच नसता तर काय झाले असते? डेंग्यूमध्ये प्लेटलेट साधारणपणे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत उतरतात आणि त्यानंतर बहुतेक रुग्णांमध्ये आपोआप चढू लागतात. साहजिकच पाचव्या-सहाव्या दिवशी जे काही दिले जाईल, मग ती रक्तपेढीतली पिशवी असो, पपईच्या पानांचा रस असो, किवी असो की शेळीचे दूध, त्याच्या पदरात श्रेय पडतेच. सर्दी, साधा खोकला, अचानक धरलेली कंबर, पोट बिघडणे, या सगळ्यांचे असेच आहे. माणूस औषधाकडे वळतो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेला पोहोचलेला त्रास बहुधा उतरणीलाच लागतो.

आपल्याच रुग्णाच्या बाबतीत ‘दिले नसते तर’ हे पाहता येत नाही, म्हणून तुलनेसाठी दुसरा गट लागतो. सिंगापूर आणि मलेशियामध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डेंग्यूचे ३७२ प्रौढ रुग्ण घेतले होते. त्यांच्या प्लेटलेट २०,००० किंवा त्याहून कमी होत्या, पण गंभीर रक्तस्राव नव्हता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला प्लेटलेट चढवल्या, दुसऱ्याला फक्त बाकीची देखभाल दिली. प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळल्याचे दिसले नाही, उलट त्या गटात दुष्परिणाम अधिक आढळले. रक्तस्राव होत असेल तर प्लेटलेटची गरज निराळी असते आणि तेथे विलंब करू नये. मात्र केवळ रिपोर्टमधल्या आकड्यासाठी होणाऱ्या धावपळीला हा पुरावा आधार देत नाही.

चिठ्ठ्या टाकण्याला इतके महत्त्व का, हे समजून घेण्यासाठी रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्यांकडे पाहावे. त्यांच्यापैकी जे एखादे महागडे टॉनिक घेतात, त्यांची प्रकृती न घेणाऱ्या इतर लोकांपेक्षा चांगली असेलही, पण त्यात टॉनिकचा वाटा किती आणि रोजच्या चालण्याचा, खाण्यापिण्याचा, हातात पैसा असण्याचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे निरीक्षणांवरून पुष्कळ वर्षे मानले जात होते. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून जेव्हा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या जोडीची तपासणी झाली, तेव्हा तो फायदा दिसला नाही, धोका मात्र दिसला, आणि २००२ साली चाचणीचा हा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. ते औषध घेणाऱ्या स्त्रिया मुळातच स्वतःच्या प्रकृतीची अधिक काळजी घेणाऱ्या होत्या, हे त्या जुन्या गैरसमजाचे एक प्रमुख कारण मानले जाते.

यानंतर पाहावे, की चाचणीत मोजले काय. साखर, कोलेस्टेरॉल, प्लेटलेट, हाडांची घनता हे आकडे महत्त्वाचे असतात, पण रुग्णाला हवे असते ते जगणे, चालणे, वेदना कमी होणे. आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारलाच, असे गृहीत धरू नये. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांची अनियमितता दाबणारी काही औषधे अनियमितता उत्तम दाबत असत, आणि १९८९ साली जाहीर झालेल्या चाचणीत ती घेणारेच अधिक संख्येने दगावल्याचे आढळले.

टक्केवारी वाचताना तर विशेष सावध असावे, कारण येथे शिकलेली माणसेही फसतात. उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराची इतर जोखीम असलेल्या १०,३०५ जणांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत ॲटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीमुळे झटक्यांचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झाले. ही गोष्ट खरी आहे. आता तीच गोष्ट शेकड्यात मांडून पाहा. सुमारे सव्वातीन वर्षांत, नुसती औषधविरहित गोळी घेणाऱ्या १०० जणांपैकी ३ जणांना हृदयविकाराचा झटका आला किंवा त्याने मृत्यू आला. औषध घेणाऱ्या १०० पैकी सुमारे २ जणांना. म्हणजे एकाचा त्रास टळण्यासाठी नव्वदच्या आसपास लोकांनी ती गोळी तेवढा काळ घेतली. महाद्वार रोडवर ‘३६ टक्के सूट’ अशी पाटी दिसली तर आपण आधी मूळ किंमत विचारतो, आणि मूळ किंमत तीन रुपये असेल तर सूट रुपयाभराचीच असते. येथे मूळ किंमत म्हणजे आपली स्वतःची जोखीम. ज्याला आधीच झटका येऊन गेला आहे त्याची जोखीम मोठी असते, म्हणून त्याच गोळीचा त्याला होणारा फायदाही मोठा असतो. हा हिशेब वाचून कोणीही चालू गोळी मनाने बंद करू नये. तो डॉक्टरांपुढे ठेवण्यासाठी आहे.

दुकानात रोज कानावर पडणारे वाक्य म्हणजे ‘अंगात ताकद नाही, एक सलाईन लावून घेतो.’ अशा वेळी मी बाटलीवरचे लेबल वाचून दाखवतो. अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये पाण्याखेरीज असते ते साडेचार ग्रॅम मीठ, आणि पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण एका केळ्याएवढी ऊर्जा. तोंडाने खाता-पिता येणाऱ्या माणसाला त्यातून ताकद येत नाही. बरे वाटते त्याला तासभराची विश्रांती, कोणीतरी घेतलेली काळजी आणि अपेक्षा ही कारणे पुरेशी असतात. गुडघ्यातील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबाबतही असाच अनुभव आला. अमेरिकेत झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांपैकी काहींना नुसते वरवरचे छेद देऊन टाके घातले होते. २००२ साली निकाल आला, तेव्हा खरी शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना त्यांच्यापेक्षा कमी झालेली नव्हती.

प्रत्येक गोष्टीला मोठी चाचणी लागतेच असे मात्र नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडत होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने द्यायला सुरुवात केली आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. परिणाम इतका ठळक असेल, तर तो योगायोग असण्याची शक्यता फार थोडी उरते. फरक जितका बारीक, तितकी काटेकोर तुलना लागते. आज जुलाब लागलेल्या मुलासाठी ओआरएसची पुडी मागणाऱ्या ताईंना मी एकच गोष्ट सांगतो, की एक लिटरची पुडी पेल्यात थोडी थोडी न टाकता संपूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी.

औषध जुने आहे आणि सगळेच लिहून देतात, एवढ्यावरही विसंबू नये. सूज उतरावी म्हणून वेदनाशामकांच्या जोडीला मिळणारे सेराशिओपेप्टिडेज जपानमध्ये अनेक दशके वापरात होते. प्लासिबोशी, म्हणजे औषधविरहित गोळीशी, तुलना केल्यावर फरक दिसला नाही, तेव्हा तेथील मूळ कंपनीने २०११ साली ते बाजारातून मागे घेतले. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर ते आजही येते.

हे सारे दवाखान्यात विचारायचे कसे, ही खरी अडचण असते. उलटतपासणीचा सूर टाळावा आणि बाह्यरुग्ण विभागात गर्दी असेल तर दोनच प्रश्न न्यावेत. ‘डॉक्टरसाहेब, माझ्यासारख्या शंभर जणांनी हे घेतले आणि शंभर जणांनी घेतले नाही, तर साधारण किती जणांना फरक पडेल?’ आणि ‘आठवडाभर थांबलो तर काय धोका आहे?’ बरेच डॉक्टर या प्रश्नांना मनापासून उत्तर देतात. धोका आहे असे उत्तर आले तर थांबू नये. औषध सुरू करायचे ठरले, तर चिठ्ठीच्या मागे सुरू केल्याची तारीख, त्या दिवशीचा त्रास दहापैकी किती होता तो आकडा, आणि हे औषध बंद करायचे की चालू ठेवायचे ते कोणत्या दिवशी ठरवायचे, एवढे लिहून ठेवावे आणि तो कागद पुढच्या भेटीला बरोबर न्यावा.