विमान प्रवासात मिळालेल्या चांगल्या सेवेची दाद कशी द्यावी

दाबोळी किंवा मोपा येथून प्रवास करणाऱ्या माणसाला आपल्याला कोणी मदत केली हे बहुधा नीट आठवते, परंतु मदत करणारी ती व्यक्ती नेमकी कोणाच्या नोकरीत आहे हे क्वचितच ठाऊक असते. मनापासून लिहिलेली आभाराची पत्रे अनेकदा वाया जातात ती याच कारणाने. पत्र चुकीच्या दारात पडते, तेथून ते पुढे कोणी पाठवत नाही आणि ज्याच्यासाठी ते लिहिले त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तोंडी 'थँक यू' म्हणणे चांगलेच आहे, आणि ते म्हणावेच. पण कर्मचाऱ्याच्या बढतीत, कौतुकाच्या यादीत किंवा कंत्राटी कामगाराच्या बाबतीत त्याचे काम चालू राहण्यात ज्याचा उपयोग होऊ शकतो, ती दाद लेखी असावी लागते आणि योग्य ठिकाणी पोहोचावी लागते. म्हणून सुरुवात कोण कोणाचा आहे, येथून करू.

गणवेश अनेक, मालकही अनेक

टर्मिनलच्या दारात तिकीट व ओळखपत्र पाहणारा आणि पुढे अंगझडती घेणारा जवान दाबोळीला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, म्हणजे सीआयएसएफचा असतो. चेक-इन काउंटरवर बोर्डिंग पास देणारी मुलगी विमान कंपनीची असू शकते, किंवा त्या कंपनीने नेमलेल्या ग्राउंड हँडलिंग संस्थेची. व्हीलचेअर ढकलणारा, सामान चढवणारा आणि विमानाची शिडी लावणारा हेही बहुतांशी अशाच संस्थांचे कामगार असतात. स्वच्छतागृह लखलखीत ठेवणारी बाई सहसा विमानतळ चालवणाऱ्या संस्थेच्या कंत्राटदाराकडे कामाला असते, तर सीमाशुल्क अधिकारी थेट केंद्र सरकारचा असतो. विमानात चढल्यावर भेटणारे केबिन क्रू मात्र त्या विमान कंपनीचे असतात, एवढा भाग सोपा आहे.

गोव्यात या गुंत्यात आणखी एक भर आहे. आपल्याकडे विमानतळ दोन आहेत आणि ते दोन वेगळ्या संस्था चालवतात. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या आयएनएस हंसा या तळावर आहे आणि तेथील प्रवासी टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, जेथून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली, जीएमआर समूहाची कंपनी चालवते. त्यामुळे पत्रात नुसते 'गोवा विमानतळ' असे लिहिले तर वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही, आणि मोपावरील सफाई कामगाराचे कौतुक दाबोळीच्या संचालकांच्या टेबलावर जाऊन पडते. बोर्डिंग पासवर जीओआय छापलेले असेल तर दाबोळी आणि जीओएक्स असेल तर मोपा, एवढे पाहून घेतले की पुरे.

व्यवहारात एक साधा नियम पाळावा. ज्या कामाचा संबंध आपल्या विशिष्ट उड्डाणाशी आहे, म्हणजे चेक-इन, बोर्डिंग, व्हीलचेअर, सामान आणि विमानातील सेवा, त्याबद्दल विमान कंपनीला लिहावे. कामगार कंत्राटी असला तरी ती सेवा देण्याची जबाबदारी कंपनीची असते आणि त्याच्या संस्थेपर्यंत निरोप पोहोचवणे तिला सहज शक्य असते. टर्मिनलमधील स्वच्छता, चौकशी कक्ष, ट्रॉली, हरवलेल्या वस्तू यांबद्दल विमानतळ चालवणाऱ्या संस्थेला लिहावे. सुरक्षा दलाच्या जवानाचे कौतुक करायचे असेल तर दाबोळीला ते मुख्य विमानतळ सुरक्षा अधिकाऱ्याच्या नावे लिहिता येते; तो त्या जवानांचा तेथील प्रमुख असतो.

काय टिपून ठेवावे

नाव सर्वांत महत्त्वाचे, हे खरे. परंतु छातीवरची पट्टी वाचता आली नाही म्हणून पत्र लिहायचे टाळू नये. कोणत्या उड्डाणावर कोणते क्रू होते याची नोंद कंपनीकडे असते, म्हणून विमान क्रमांक, तारीख, मार्ग आणि आपले आसन एवढे सांगितले तरी माणूस सापडतो. आपल्याकडच्या नियमांनुसार साधारण ५० आसनांमागे एक केबिन क्रू ठेवावा लागतो. त्यामुळे १८० आसनांच्या एअरबस ३२० मध्ये चार जण असतात, तर मोपाहून छोट्या मार्गांवर जाणाऱ्या एटीआर ७२ विमानात दोघेच. इतक्या कमी माणसांत 'मागच्या भागात सेवा देणारी, चश्मा लावलेली' असा उल्लेखही पुरेसा ठरतो. जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांचे तसे नाही. ते पाळीनुसार जागा बदलतात, म्हणून काउंटरचा किंवा गेटचा क्रमांक आणि अंदाजे वेळ लिहिली पाहिजे. गळ्यातल्या प्रवेशपत्राचा फोटो मात्र काढू नये. तो सुरक्षेचा दस्तऐवज आहे. नाव तोंडी विचारावे आणि कशासाठी विचारतो तेही लगेच सांगावे, कारण प्रवासी नाव विचारतो तेव्हा बहुधा तक्रारच करायची असते असा कर्मचाऱ्यांचा अनुभव असतो, आणि त्या माणसाचा चेहरा उगाच पडतो.

नाव टिपले म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे त्याने नेमके काय केले ते सांगणे. 'अतिशय नम्र व तत्पर सेवा' हे शब्द वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांखालून रोज जातात आणि त्यातून त्याला काहीही कळत नाही. समजा, सत्तरीतील एक आजी आखातात मुलाकडे निघाल्या आहेत. सुरक्षा तपासणीनंतर व्हीलचेअर ढकलणारा मुलगा विचारतो, "आजी, तुमची गोळ्यांची पिशवी खंय?" पिशवी एक्स-रेच्या ट्रेमध्येच राहिलेली असते. तो आजींना बाकाशेजारी नीट बसवतो, ब्रेक लावतो, मागे जाऊन पिशवी आणतो आणि साखरेची गोळी घेण्याची वेळ झाली आहे हे ऐकून गेटवरच्या कर्मचाऱ्याकडून पाणी मागून देतो. या चार गोष्टी जशाच्या तशा लिहिल्या तर त्या मुलाच्या वरिष्ठाला त्याची हुशारी आपोआप दिसते. पत्राचा मजकूर असा असू शकेल:

"दिनांक (तारीख) रोजी मोपा येथून (ठिकाण) येथे जाणाऱ्या (विमान क्रमांक) या उड्डाणासाठी माझ्या आईने व्हीलचेअरची सेवा घेतली होती. सकाळी साडेसहाच्या सुमारास त्यांना गेट क्रमांक (अमुक) येथे नेणाऱ्या श्री. (नाव) यांनी सुरक्षा तपासणीत राहून गेलेली औषधांची पिशवी स्वतःहून आठवण करून परत आणली आणि आईला वेळेवर औषध घेता यावे म्हणून पाणी मिळवून दिले. त्यांच्या या दक्षतेची नोंद त्यांच्या सेवा अभिलेखात व्हावी आणि हे पत्र ते ज्या संस्थेत काम करतात तिच्यापर्यंत पोहोचवावे, अशी विनंती आहे. माझा पीएनआर क्रमांक (सहा अक्षरे) असा आहे."

शेवटचे दोन तपशील विसरू नयेत. 'सेवा अभिलेखात नोंद व्हावी' अशी स्पष्ट विनंती केली नाही तर ग्राहक सेवा विभाग आपल्याला गोड उत्तर पाठवून प्रकरण मिटवतो, आणि पीएनआर नसेल तर आपण खरोखरच त्या विमानात होतो की नाही हे तपासण्यातच वेळ जातो. कंपनीच्या संकेतस्थळावरील अर्जात 'तक्रार', 'चौकशी', 'प्रशंसा' असे पर्याय असतात. त्यांतला प्रशंसेचा निवडावा. बॅग उशिरा आली, पण काउंटरवरच्या मुलीने फार धावपळ केली, असे असेल तर दोन वेगळी पत्रे लिहावीत. एकाच पत्रात दोन्ही घातले की ते तक्रार विभागाकडे जाते, भरपाईचा निकाल लागतो आणि मुलीचा उल्लेख तेथेच राहतो.

दहापैकी आठ गुण म्हणजे कौतुक नव्हे

प्रवासानंतर कंपनीकडून ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नावली येते आणि तिच्यात बहुधा विचारलेले असते की, ही कंपनी तुम्ही इतरांना सुचवाल का, शून्य ते दहा गुण द्या. आपली पिढी शाळेत दहापैकी आठ गुण मिळाले की पेढे वाटणारी; म्हणून समाधानी प्रवासीही आठ देतो आणि चांगले केले असे समजतो. परंतु या पद्धतीत नऊ आणि दहा हेच गुण अनुकूल धरले जातात, सात व आठ तटस्थ मानले जातात आणि सहा किंवा त्याखालचे सर्व प्रतिकूल गटात जातात. सेवा खरोखर उत्तम वाटली असेल तर दहा द्यावेत, आणि खालच्या मोकळ्या चौकटीत त्या कर्मचाऱ्याचे नाव व कृती दोन ओळींत लिहावी. गुणांमुळे विभागाचा आलेख वर जाईल, माणूस मात्र त्या दोन ओळींमुळेच ओळखू येईल.

विमानात असताना

मोपा किंवा दाबोळीला उतरलेले विमान बहुधा तासाभराच्या आत पुन्हा उडते, आणि तेवढ्या वेळात क्रूला केबिन तपासायची, नवे प्रवासी बसवायचे आणि दारे बंद करायची असतात. म्हणून उतरताना दारात थांबून लांबलचक आभार मानणे म्हणजे मागच्या रांगेचा आणि त्यांचाही खोळंबा करणे होय. एक वाक्य पुरे. सविस्तर बोलायचे असेल तर खाण्यापिण्याची सेवा आटोपल्यावर, विमान खाली उतरू लागण्यापूर्वी, क्रूच्या प्रमुखाला गाठावे आणि कोणाचे काय आवडले ते सांगावे. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी त्यांच्याशी गप्पा मारू नयेत. त्या क्षणी ते आपल्या खुर्चीत गप्प बसलेले दिसतात, पण आणीबाणी आली तर काय करायचे याची मनात उजळणी करत असतात.

भेटवस्तू

आपल्या आतिथ्याला शोभणारा विषय असला तरी येथे हात आखडता घेतलेलाच बरा. रोख रक्कम कोणालाही देऊ नये. व्हीलचेअर ढकलणाऱ्याच्या हातात शंभराची नोट कोंबली तर आपल्याला बरे वाटते, पण अनेक संस्थांत ते शिस्तभंगात मोडते आणि कॅमेऱ्यात दिसले तर नोकरीवर बेतते. सीमाशुल्क अधिकाऱ्यांसारख्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १९६४ च्या वर्तणूक नियमांचे बंधन असते, त्यांना बिस्किटाचा पुडाही पुढे करू नये.

केबिन क्रूला काही द्यायचेच असेल तर ते सर्वांना वाटून खाता येईल असे, दुकानाच्या मूळ सीलसकट असावे आणि विमानात चढताना प्रमुखाच्या हाती द्यावे. काजूचा बंद पुडा उत्तम. चवथीला घरी केलेल्या नेवऱ्या कितीही खुसखुशीत असल्या तरी त्या नाकारल्या गेल्यास राग मानू नये. अनोळखी घरचे अन्न क्रूने खाणे सुरक्षेच्या दृष्टीने योग्य ठरत नाही. दोघा वैमानिकांना एकाच वेळी पोट बिघडू नये म्हणून वेगवेगळे जेवण देण्याची पद्धत ज्या व्यवसायात आहे, तेथे नेवरीबद्दल दक्षता असायचीच.

गोव्याच्या माणसाने विशेष लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे दारू. फेणीची बाटली प्रेमाने दिली तरी ती नकोच, पण नाताळात रम घातलेला केक आणि मद्य भरलेली चॉकलेटेही नकोत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार उड्डाणापूर्वी १२ तास क्रूला मद्य वर्ज्य असते, त्यांची श्वासचाचणी होते आणि मद्यांश असलेला माउथवॉश वापरण्यासही त्यांना मनाई आहे. केकचा एक तुकडा एखाद्याचे काम कायमचे अडचणीत आणू शकतो.

समाजमाध्यमे आणि वर्तमानपत्र

सार्वजनिक कौतुकाकडे कंपन्यांचे लक्ष असते, म्हणून कंपनीच्या अधिकृत खात्याला जोडून लिहिणे उपयोगी ठरते. पहिले नाव, विमान क्रमांक आणि तारीख पुरे. कर्मचाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय टाकू नये, विशेषतः मुलींचा. दाबोळी नौदलाच्या तळावर असल्यामुळे तेथे कॅमेरा काढण्यापूर्वी सूचना फलक वाचावा, हे वेगळे सांगायला हवे. गोमन्तक, तरुण भारत किंवा नवप्रभा यांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात चार ओळी लिहिणेही अद्याप जुने झालेले नाही. मोपावर कामाला असलेल्या पेडण्यातील मुलाच्या घरी ते कात्रण कंपनीच्या ईमेलपेक्षा अधिक जपले जाते. मात्र ईमेल आधी, कात्रण नंतर.

अर्ज पाठवल्यावर एक पोच क्रमांक येतो. तो जपून ठेवावा. चार-पाच आठवड्यांत छापील उत्तराखेरीज काही आले नाही तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन एकदाच विचारावे की, संबंधित कर्मचाऱ्याला कळवले का. पुढच्या प्रवासात तोच माणूस भेटला तर तो क्रमांक त्याला सांगावा, कारण कंत्राट बदलताना किंवा वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी आपल्याबद्दल कोणी लिहिले होते हे त्याला वरिष्ठाकडे तारखेनिशी दाखवता येते.