व्हर्मीरची ‘मिल्कमेड’ उतरवायला बसण्याआधी

तैलरंग शिकण्यासाठी जुनं चित्र उतरवायचं ठरलं असेल, तर डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं ‘मिल्कमेड’ निवडा. १६६०च्या सुमारास डेल्फ्टमध्ये काढलेलं हे चित्र. एक मोलकरीण मातीच्या भांड्यात दूध ओतते आहे, बस्स. माणूस एकच, उजेडही डावीकडच्या एकाच खिडकीतून येणारा. शिकणाऱ्याला झेपतं.

चित्राची मोठी फाइल ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. एक रंगीत प्रत मॅट कागदावर छापून घ्या आणि एक कृष्णधवल. दुसरी जास्त उपयोगी पडते, कारण नवशिक्याचं चुकतं ते बहुधा रंगात नाही, गडद-फिक्यात. मूळ चित्र ४५.५ बाय ४१ सेंटीमीटरचं आहे, म्हणजे जवळपास १८ बाय १६ इंच. तेवढाच कॅनव्हास घ्या. तयार मिळाला नाही तर फ्रेमवाल्याकडून ताणून घ्या. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर सुरुवात करू नका. आदल्या दिवशी रॉ अंबर या तपकिरी रंगाचा पातळ हात फिरवून ठेवा.

रंग थोडेच लागतात: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लेमन यलो, कॅडमियम रेड, ॲलिझरीन क्रिमझन, अल्ट्रामरीन, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक. चोळीच्या पिवळ्यासाठी व्हर्मीरने शिसं आणि कथील यांचा पिवळा वापरला होता; लेमन यलोत पांढरा आणि किंचित ऑकर मिसळून त्याच्या जवळ जाता येतं. अल्ट्रामरीन या निळ्यावर मात्र पैसे वाचवू नका. ब्रश राठ केसांचे दोन-तीन चपटे आणि मऊ गोल एक-दोन. टेबलावरच्या पावावरचे उजेडाचे ठिपके गोल ब्रशनेच येतात. जवसाचं तेल चित्रकलेच्या दुकानातलंच घ्या, खायचं नको. पहिल्या थरांत टर्पेंटाइन जास्त, वरच्या थरांत तेल जास्त. उलट केलं तर रंग तडकतो.

आता भिंत. माझ्या मते या चित्रातला खरा धडा तोच आहे, म्हणून रंग उघडण्याआधी एक अख्खी संध्याकाळ तिला द्या. मोलकरणीच्या डोक्यामागे आधी मुठीची भांडी (जग) टांगायची फळी रंगवली होती आणि नंतर व्हर्मीरने ती झाकून टाकली, हे २०२२मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत दिसलं. भिंत त्याने मुद्दाम मोकळी केली आहे. बाईची उजेडातली बाजू जिथे आहे तिथे मागची भिंत गडद, आणि सावलीतल्या बाजूला भिंत उजळ. खिळा, त्याची सावली, भोकं, डाग हे सगळं कागदावर पेन्सिलीने टिपून ठेवा. भिंतीसाठी करड्या रंगाच्या निदान पाच छटा आधीच कालवून पाहा. नुसता पांढरा कुठेच लावायचा नाही.

खोलीत वारा खेळता हवा. पावसाळ्यात थर वाळायला फार वेळ लागतो, तेव्हा शक्यतो दिवाळीनंतर सुरुवात करा. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवा. हा डबा पहिल्या दिवसापासून जवळ असलाच पाहिजे.

शेवटी कॅनव्हासच्या मागे ‘व्हर्मीरवरून’ असं लिहून त्याखाली तुमचं नाव आणि तारीख घाला.